वेचणीचा शर्ट

“अरे वा, बुजगावणं! किती खरं वाटतंय,” शेजारच्या बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, आणि गच्चीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

मी फरशीवर गुडघे टेकून बसले होते. दातांत दोरा धरलेला. समोर काकूंची मुलगी पिहू वटवाघूळ होऊन उभी होती आणि तिचा एक पंख खांद्यापासून सुटला होता. तो मी टाचत होते. आजूबाजूला चेटकिणी, हाडांचे सापळे, पट्ट्या गुंडाळलेली भुतं. कॉलनीतलं पहिलंच हॅलोविन. बाई माझ्याबद्दल बोलत आहेत हे मला लगेच कळलंच नाही.

माझ्या अंगात लांब बाह्यांचा, चौकटीचा, पुरुषाचा शर्ट होता. डोक्याला आणि तोंडाला ओढणी आवळून बांधली होती. भुवयांवर पांढरी धूळ, ओढणीला जळमटं. पण मी बुजगावणं झाले नव्हते. मी काहीच झाले नव्हते. दिवाळी तोंडावर आली होती आणि दुपारपासून मी काकूंचा माळा झाडत होते. पंख सुटला तशी काकूंनी जिन्यातून हाक मारली, सुई-दोरा घेऊन ये, आहेस तशी ये. मी आहे तशी गेले.

बाई जवळ आल्या. निरखून पाहिलं. चेष्टा नव्हती त्यांच्या डोळ्यांत, खरंच कौतुक होतं. त्यांनी विचारलं, “चेहऱ्याला काय लावलंस गं?”

“माळ्यावरची धूळ आहे,” मी म्हणाले.

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी एवढंच सांगायचं होतं की ही साफसफाई करत होती. पण कॉलनीत काकू सांगतात, आमच्याकडे कामाला बाई नाही, गावाकडची एक मुलगी शिकायला असते, पोटच्या मुलीसारखी. मग पोटच्या मुलीसारखी मुलगी पार्टीच्या दिवशी माळ्यावर काय करत होती, तेही सांगावं लागलं असतं. काकूंनी बाईंकडे पाहिलं. मग हसल्या.

“फार क्रिएटिव्ह आहे ती. पिहूचे पंखसुद्धा तिनेच केलेत.”

मला बक्षीस मिळालं. मोठ्यांमधली सगळ्यात छान वेशभूषा. दात विचकणारा नारिंगी प्लास्टिकचा भोपळा, आत चॉकलेटं. फोटो काढताना मी तोंडावरची ओढणी सोडायला हात वर केला, तर बाई म्हणाल्या, “राहू दे, राहू दे, तेच तर छान आहे.”

हात खाली घेतला. फोटो निघाला. मग मी खाली गेले आणि उरलेला माळा झाडला.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. आमचं गाव अल्लीपूरच्या पुढे. तिथे ज्या मालकांच्या वावरात माझी आई कापूस वेचते, त्यांचे धाकटे भाऊ वर्ध्याला नोकरी करतात. काकू त्यांच्या बायको. मी बारावी झाले, वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा मालकच आईला म्हणाले की पोरीला भावाकडे ठेव, कॉलेज जवळ पडेल. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. नाही म्हणायला आमच्याजवळ दुसरी सोय नव्हती.

त्या घरात ‘काम’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘मदत’ म्हणतात. सकाळचा झाडू-पोछा ही मदत. भांडी ही मदत. पिहूचा अभ्यास, काकांचे डबे, पाहुणे आले की पोळ्या. माझा कप वेगळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. पहिल्या दिवशी मला तो दाखवला गेला, एवढंच. काकूंनी मला इतिहासाचं पुस्तक घेऊन दिलं होतं. ताप आला तेव्हा गोळी आणून दिली होती. हे मला लिहायलाच हवं, नाहीतर मी खोटं लिहिल्यासारखं होईल. कुणी शिव्या देत असेल तर त्या घरातून निघता येतं. गोड बोलणाऱ्या घरातून कसं निघायचं, हे मला कळत नव्हतं. बाहेर पडले तर कॉलेज सुटणार. कॉलेज सुटलं तर आईचं नाक कापलं जाणार, कारण तिने गावभर सांगितलं होतं. आणि काकू नाराज झाल्या तर मालक नाराज. सगळ्या दारांच्या कड्या एकाच घरात होत्या.

एक गोष्ट मात्र मी मनापासून करायचे. पिहूच्या वेशभूषा. शाळेत काही ना काही निघायचंच. कधी झाड व्हायचं असायचं, कधी पोपट, कधी पोस्टमन. मागवलेले कपडे कधी मोठे निघत, कधी टोचत, आणि पिहू रडायची. मग मी घरातल्या वस्तूंमधून करायला लागले. मोडक्या छत्रीचं काळं कापड तारांसकट मधोमध कापलं की वटवाघळाचे दोन पंख होतात. हे मला कुणी शिकवलं नाही, छत्री मिटताना दिसलं. कोळ्याचं जाळं हवं असेल तर कापूस दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचा, तुटू द्यायचा नाही. हॅलोविनला गच्चीच्या कठड्यावर मी अशी जाळी केली होती. औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस. ताणताना आईचे हात आठवत होते.

तिच्याकडूनच आलं आहे हे. मी लहान असताना एप्रिलच्या जयंतीला आमच्या मोहल्ल्यातून मिरवणूक निघायची आणि पोरांना सजवायचे. बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये हमाली करतात. त्यांना मिळालेली निळी वर्दी आईने उसवली आणि तिच्यातून माझ्या मापाचा कोट शिवला. कॉलर ताठ राहावी म्हणून आत लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घातला. तारेचा चष्मा केला. काखेत जाड पुस्तक हवं होतं, घरात तेवढं जाड पुस्तक नव्हतं, म्हणून विटेला कागद चढवला. ती वीट घेऊन मी मिरवणुकीत चालले. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांनी मला हात जोडले. मला. मी लाजून मरायची बाकी होते. पण पाठ जी ताठ झाली, ती दिवसभर वाकली नाही.

आमच्या घरात सोंग घ्यायचं ते असं. आज नाही आहोत, पण उद्या होऊ, तसं.

हॅलोविनचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवरून काकांकडे, काकांकडून मालकांकडे गेला. मालकीणबाईंनी वावरात आईला दाखवला. दुपारी आईचा फोन आला. मागे बायांचा गलका होता.

“बाई, तुले बक्षीस भेटलं म्हणते? माया वेचनीचा शर्ट घालून?”

मी म्हणाले, आई, ऐक, ते तसं नव्हतं. पण फोन तिच्या हातात राहिलाच नव्हता. आमच्या शेजारची रुखमाबाई बोलत होती. “अवो पोरी, आमचेयी शर्ट घेऊन जाय नं. इथी तं आमी सगळ्याच बुजगावनं होऊन हिंडून राह्यलो, आमाले कोनी भोपळा देत नाई.” बाया हसत सुटल्या. त्यांच्यात आईचं हसू मला वेगळं ऐकू आलं. ती अशी क्वचित हसते.

हा शर्ट आधी बाबांचा होता. लग्नाकार्यात घालायचा. मग बाजारात जायचा झाला, मग हमालीचा, मग आईचा. वेचणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी होतात, हात ओरबाडतात. कमरेला कापडाची ओटी बांधतात, वेचलेला कापूस तिच्यात टाकायचा. मी वर्ध्याला निघाले तेव्हा आईने तो शर्ट माझ्या पिशवीत टाकला होता. झाडझूड करताना अंगावरचे चांगले कपडे खराब होऊ देजो नको, म्हणाली होती. म्हणजे काकूंच्या घरात मला काय करावं लागणार, हे तिला आधीच माहीत होतं.

सुट्टीत घरी गेले. भोपळा पिहूला नको होता, तिच्याकडे दोन होते, म्हणून मी चॉकलेटं लहान भावासाठी आणली. आईने चॉकलेटं वाटली आणि भोपळा पुसून फळीवर ठेवला. निळ्या कोटातल्या फोटोच्या खाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. “कॉलेजची पोट्टी हाय, वेशभूषेत पयली आली.” तो दात विचकत बसलेला असायचा आणि मी त्याच्यासमोर जेवायचे. खरं सांगायला दरवेळी तोंड उघडायचे. मग ती कुणाला तरी आत बोलवायची.

डिसेंबरात पिहूच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. राबणारे हात, असा विषय होता. काकूंना लगेच सुचलं. पिहूला कापूस वेचणारी करायची. “तुझा तो शर्ट आहेच. आईची ओटीही घेऊन ये. सगळं ओरिजनल पाहिजे. आणि दोन-चार ओळी तूच लिहून दे तिला, तुला माहीत आहे ना सगळं.”

मला पहिल्यांदा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, शाळेतल्या पोरांना कळेल तरी कापूस कुठून येतो. मी लिहिलं की वेचणाऱ्या बाया ओळीने चालतात, एकमेकींची टिंगल करतात, मागे राहणारीला पुढची हात देते. रविवारी गावाला जाऊन आईला सांगितलं. शर्टही सोबत नेला होता, तिने तो ठेवून घेतला.

सोमवारी सकाळी निघताना तिने मला तो घडी करून दिला. ओळखू येत नव्हता. झिजलेली कॉलर तिने उसवून, उलटी करून पुन्हा लावली होती, नवी दिसावी म्हणून. कोपरांना त्याच रंगाची ठिगळं, बारीक टाक्यांनी. तुटलेली बटणं लावलेली. आणि कॉलरच्या आतून जुन्या साडीचं मऊ कापड. ते कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “लेकरू हाय, मानेले टोचन. अन् लोकायसमोर जायचं, तं नीट पायजे.”

सोबत दिलेल्या जुन्या ओटीलाही तिने नवी नाडी घातली होती.

काकूंनी संध्याकाळी शर्ट उलगडला आणि कपाळाला हात लावला.

“अगं, हे काय? हा तर पार चांगला करून आणलास.”

आईने केला, मी सांगितलं.

“किती साध्या असतात ना या बाया,” काकू म्हणाल्या. त्यांना खरंच गंमत वाटली होती. मग त्यांनी शिलाईच्या डब्यातली कात्री काढून माझ्या हातात दिली. ही ठिगळं उसव. कॉलर फाड थोडी. वरची बटणं काढून टाक. कुंडीतली माती आहे, ती पाठीवर चोळ. गालाला काजळ मी लावते. पिहू आरशासमोर उभी होती. काकूंनी तिला कमरेत वाकवलं, एक हात पाठीवर ठेवायला लावला. “असं चालायचं. आणि चेहरा रडवेला. ‘मी गरीब बिचारी’ इथून सुरुवात करू. ही टिंगलीची वाक्यं काढून टाकते गं, स्टेजवर नाही चालत ती.”

मी कात्री घेऊन पलंगाच्या कडेला बसले. कोपराचं ठिगळ बोटांत धरलं. आईचा टाका फार बारीक असतो. तो तोडायचा तर कात्रीचं टोक कापडात खुपसावं लागतं. ते टोक मी टाक्याखाली घातलं सुद्धा. मला वाटलं, एक शर्ट आहे. वर्ष-दीड वर्ष काढायचं आहे इथे. उसवून टाक. घरी नेऊन सांगशील की पोरीने फाडला.

मग मला आई दिसली, दिवसभर वेचून आल्यावर बल्बखाली सुईत दोरा ओवताना. दुसऱ्याच्या लेकराच्या मानेला टोचू नये म्हणून स्वतःची साडी कापताना. तिला वाटलं होतं, वेशभूषा म्हणजे आहे त्याहून चांगलं दिसायचं. आमच्याकडे तेच असतं. निळा कोट असतो. इथे मात्र वर असलेल्यांना घडीभर खाली उतरून पाहायचं होतं, आणि त्यासाठी तिने जे सावरलं ते माझ्या हाताने फाडून हवं होतं.

मी कात्री काढून घेतली.

“मी नाही फाडणार, काकू.”

मोठ्याने म्हणाले नाही. काकूंना वाटलं मला जमत नाही, त्या म्हणाल्या, दे इकडे, मी करते. मी शर्ट छातीशी धरला. पिहूसाठी दुसरं काही करून देते म्हणाले, कापसाचं बोंड करते, पांढरं फुटलेलं, फार सुंदर होईल, आज बसून करते. काकू म्हणाल्या, बोंड काय करायचं आहे, आणि एका जुन्या शर्टाचं एवढं काय, मी तुझ्या आईला नवा घेऊन देते. मी नको म्हणाले.

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. गोडवा गेला असं नाही. पातळ झाला.

“हॅलोविनला हाच शर्ट घालून मिरवलीस ना? तेव्हा काही वाटलं नाही? बक्षीस घेतलंस, फोटो काढलास.”

“मी वेशभूषा केली नव्हती,” मी म्हणाले. “मी तुमचा माळा झाडत होते. तुम्हाला माहीत होतं.”

पिहू आरशातून आमच्याकडे पाहत होती, कमरेत वाकलेलीच. तिला सरळ हो म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

काकूंनी शिलाईचा डबा बंद केला. मग हळू आवाजात म्हणाल्या की घर परकं वाटत असेल तर कुणी धरून ठेवलेलं नाही. आणि मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, “आई कुणाच्या वावरात जाते, तेवढं लक्षात ठेव.”

लक्षात होतं. तेच तर सगळं इतके दिवस लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी पेपर होता. तो दिला, पिशवी घेतली आणि अल्लीपूरची एसटी धरली. खिडकीतला कप तसाच पालथा राहू दिला.

घरी कुणी शाबासकी दिली नाही. आई वावरातून आली, मला पाहिलं, पिशवी पाहिली, आणि ओटी न सोडताच खाली बसली. मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, गच्चीपासून. तिने मधे एकदाच विचारलं.

“म्हंजे तू काम करून राह्यली होती, अन् त्यायले सोंग वाटलं?”

“हो.”

“अन् मी बायायले सांगत हिंडली.”

ती उठली. फळीवरचा भोपळा काढला, दाराबाहेर ठेवला. मग चुलीपाशी गेली. भाकरी थापताना तिची पाठ माझ्याकडे होती.

“कॉलेज सोडून आली काऊन? शर्ट फाडू देती. मी पुन्हा शिवून घेतला असता.”

मी पिशवीतून शर्ट काढून खुंटीला लावला. वेचणीला कोणी यायचं ते सांगायला मालकांचा गडी रोज संध्याकाळी घरोघर येतो. त्या संध्याकाळी तो रुखमाबाईच्या दारात थांबला, आमच्या दारावरून पुढे गेला. तो अजून आमच्याकडे थांबत नाही. आई आता दूरच्या शिवारात जाते, अंधार असताना निघते. माझ्याशी ती जेवढ्यास तेवढं बोलते. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित रागावले असते.

कॉलेज मी सोडलेलं नाही. सकाळची पहिली एसटी पकडते. ती आली नाही तर रस्त्यावर उभी राहते, जे वाहन थांबेल त्याने जाते. वसतिगृहासाठी पुन्हा अर्ज केला आहे. तिथे नाव लागलं नाही तरी पदवी मी याच रस्त्याने ये-जा करून घेणार आहे. रविवारी आईबरोबर वेचायला जाते आणि तो शर्ट मीच घालते. उलटवलेली कॉलर मानेला अजिबात टोचत नाही.

आईने चुलीपाशी विचारलेल्याचं उत्तर मला तिथे, कापसाच्या ओळीत सापडलं. ती दोन ओळी पुढे होती, म्हणून मी ते तिला ओरडून सांगितलं नाही. इथे लिहिते. हो आई, तू पुन्हा शिवला असतास. फाडणाऱ्यांना ते पक्कं माहीत आहे, म्हणून तर ते फाडतात. ज्यांना गरिबी दाखवायची आहे त्यांनी स्वतःच्या अंगावरचे कपडे फाडावेत. तुझा एक टाकासुद्धा मी उसवणार नाही, आणि माझ्यासमोर कुणाला उसवू देणार नाही.